उशीतल्या गाठी

उशी उसवायला बसलो ते मानेसाठी. रुग्णालयात मी काम करतो त्या कान विभागातले डॉक्टर जाता जाता म्हणाले होते की उशी जाड झाली की मान धरते, मूठभर कापूस काढून टाका, फरक पडेल. सल्ला फुकटचा होता, म्हणून मी तो लगेच अमलात आणला. सुटीचा दिवस होता. बायको सकाळीच बाहेर पडली होती. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते, आणि सुटीला रस्ते मोकळे असतात म्हणून तिचे सगळ्यात घाबरट विद्यार्थी नेमके त्याच दिवशी येतात. घर शांत होतं. मी पलंगावर मांडी घालून बसलो, अभ्रा काढला आणि कात्रीच्या टोकाने उशीची शिवण आधी बोटभर, मग वीतभर उसवली. आत कापसाचे नुसते गोळे झाले होते. हात मनगटापर्यंत घालून मी ते ओढत होतो, आणि बोटांना काहीतरी टणक लागलं. कापसात कापसाशिवाय काही लागू नये. बोटं आपोआप मागे आली, मग पुन्हा आत गेली. बाहेर काढलं तर सुपारीएवढी पुरचुंडी होती, काळ्या कापडाची, वरून लाल दोरा गुंडाळलेला, आणि दोऱ्याला गाठीवर गाठ. गाठ दिसली की सोडायची ही माझी जुनी खोड आहे; मिठाईच्या दुकानातला दोरासुद्धा मी कात्रीने कापत नाही. मी नखाने एकेक गाठ सोडवत गेलो, मन लावून, जीभ दातात धरून. शेवटची सुटली तेव्हा आत काय असेल याचा मी विचारही केलेला नव्हता. आत केस होते. एक लांब केस बोटाभोवती गुंडाळून वेटोळं केलेला, आणि त्यात अडकवलेले काही आखूड, जाड, काळेभोर. आजच्या माझ्या डोक्यावर असले केस शोधायचे तर पोलिसात तक्रार द्यावी लागेल, पण ते माझेच होते. आपले केस माणूस ओळखतो. सोबत कसल्यातरी मुळीचा वाळका तुकडा होता. त्याला वास नव्हता.

हे काय असतं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. लहानपणापासून ऐकलेलं असतं, कुणाच्या तरी मामीने कुणाच्या तरी जावयावर काहीतरी करून ठेवलं होतं, तो कसा बायकोच्या पदराला धरून फिरायचा, वगैरे. आपण हसतो आणि विषय बदलतो. मलाही आधी हसूच आलं. मला वश करावंसं कुणाला वाटावं? कॉलेजात मी तीन वर्षं ज्या बाकावर बसलो त्याच बाकावर शेजारी बसणारी मुलगी निरोपाच्या दिवशी मला म्हणाली होती, "तू कुठल्या वर्गात होतास रे?" आणि इथे कुणीतरी माझे केस गोळा केले होते, कुणाच्या तरी दारात जाऊन बसलं होतं, पैसे मोजले होते. खोटं कशाला बोलू, मी सुखावलो. पुरचुंडी तळहातावर घेऊन जरासा मिरवलोही, एकटाच, आरशासमोर. मग हसू ओसरलं.

कारण उशी बायकोच्या माहेराहून आलेली. आणि लग्न ठरवून झालेलं. पाहायला गेलो तेव्हा ती मला आवडली नव्हती, नावडलीही नव्हती. बाहेर पडताना आई म्हणाली, "मुलगी चांगली आहे," आणि मी बूट घालता घालता "हो" म्हणालो. आयुष्यातला एवढा मोठा होकार मी वाकलेल्या अवस्थेत दिला. पहिले काही महिने आम्ही एका लॉजवर उतरलेल्या दोन भल्या माणसांसारखे राहिलो. आधी तुम्ही आंघोळ करून घ्या, नाही नाही, तुम्ही घ्या. ती मला 'अहो' म्हणायची आणि मी तिला काहीच म्हणायचो नाही, नुसता खाकरायचो. मग एका संध्याकाळी कामावरून परतताना ती कोपऱ्यावरच्या फळवाल्याशी वाद घालताना दिसली. तिला अर्धंच कलिंगड हवं होतं आणि तो अख्खं घ्या म्हणत होता. ती म्हणाली, "अहो, अख्खं घेऊन काय करू? घरी दोघंच आहोत आम्ही." मी विजेच्या खांबापाशी उभा होतो. दोघंच आहोत आम्ही. त्यात मी होतो. तिने अर्धं कलिंगड कडेवर घेतल्यासारखं उचललं आणि निघाली, आणि मला असं काहीतरी झालं की मी बराच वेळ खांब सोडला नाही. ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही, तिलाही नाही. सांगण्यासारखं त्यात आहे काय? पण इतकी वर्षं मी त्या अर्ध्या कलिंगडावर जगलो आहे. भांडणं झाली, मूल होत नाही म्हणून दवाखाने झाले, तिचे अबोले झाले, माझी चिडचिड झाली, आणि प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात त्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो आणि सावरलो. आता पलंगावर कापूस पसरलेला होता आणि प्रश्न एवढाच होता की ती संध्याकाळ माझी होती की या मुळीची.

दुपारी ती आली. चपला काढताना नेहमीसारखी भिंतीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आज एकाने गाडी थेट दूधवाल्याच्या सायकलीवर घातली असती. माझा पाय ब्रेकवर होता म्हणून वाचलो." तिच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो. दिवसभर तो दाबून तिचा उजवा पाय इतका सरावला आहे की घरीही मी काही वेडंवाकडं बोलायला लागलो की ती टाचेने फरशी दाबते. मी उशी घाईघाईने अभ्र्यात कोंबली होती आणि पुरचुंडी, सुटलेली, मोज्यांच्या खणात. तिला पाणी दिलं आणि समोर बसून तिच्याकडे पाहिलं. सुटलं असेल का? गाठी सोडल्या म्हणजे आतलं सुटलं असणार. ती पाणी प्यायली, ओठ मनगटाला पुसले, म्हणाली, "काय बघतोस?" मी म्हणालो, "काही नाही." आणि खरंच, काही होतं का, ते मला कळलं नाही.

माझं काम कान तपासण्याचं. बंद खोलीत पेशंटला बसवतो, काचेपलीकडे मी असतो. त्याच्या कानाला यंत्र लावायचं आणि सांगायचं, आवाज ऐकू आला की बोट वर करा, कितीही बारीक असला तरी. मग मी आवाज कमी कमी करत नेतो. या कामातली खरी अडचण बहिऱ्यांची नाही. बहिरा माणूस बोट वर करत नाही, संपलं. अडचण आहे ती ज्यांना ऐकू यावं असं फार वाटतं त्यांची. मी काहीच वाजवलेलं नसतं, खोलीत शुद्ध शांतता असते, आणि त्यांचं बोट वर जातं. ते खोटं बोलत नसतात. त्यांना ऐकू आलेलं असतं. म्हणून आम्ही मध्ये मध्ये मुद्दाम शांतता ठेवतो, अंदाज लागणार नाही अशी. त्या आठवड्यात मी तीच तपासणी स्वतःवर चालवली. पेशंट आत बसलेला असताना, जेवताना, जिना चढताना, एकदम ठरवायचो, आता, आणि तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचो, आणि छातीत काही हलतं का बघायचो. हलायचं. लगेच हलायचं. इतकं लगेच की मला त्याचाच संशय यायचा. हे बोट आवाजाने वर गेलं की मला वर करायचं होतं म्हणून? एका म्हाताऱ्याची तपासणी मी त्या नादात दोनदा केली आणि त्याचे दोन कान दोन वेगळ्या माणसांचे असल्यासारखा अहवाल दिला. तो बिचारा "बरं झालं, एक तरी बरा आहे," म्हणून निघून गेला.

शेवटी मी सिस्टरना विचारलं. आमच्या विभागातल्या सिस्टर निवृत्तीला आल्या आहेत, त्यांना जगातलं सगळं माहीत असतं आणि कशाचंच आश्चर्य वाटत नाही. जेवणाच्या सुटीत डबा पुढे करत मी म्हणालो, "सिस्टर, एका पेशंटचं सांगतो. त्याला म्हणे उशीत काहीतरी सापडलं. केस, दोरा, असलं."

"आणि त्याने ते कान तपासताना तुम्हाला सांगितलं."

"बोलता बोलता निघालं."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" त्या म्हणाल्या. "सोडलं का बांधलेलंच आहे?"

"सोडलं. म्हणजे त्याने सोडलं."

सिस्टरनी घास संपवला. मग सांगितलं, त्यांच्या गल्लीत एक शिंपी होता. बायकोने काहीतरी करून ठेवलेलं. बाही अर्धी लावून, सुई तशीच कापडात ठेवून घरी जायचा, बायको आहे ना ते बघायला. गिऱ्हाईकं हसायची. मग त्याच्या बहिणीला उंबऱ्याखाली ते सापडलं आणि तिने नदीत सोडून दिलं. "संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले, बायकोने ताट वाढलं. तर तिला विचारतो, तुमचे यजमान कधी येतात?"

"हे खरं आहे?"

"मी कुठे होते तिथे? ऐकलेलं सांगते."

"म्हणजे लगेच होतं असं?"

"कुणाचं लगेच, कुणाचं सावकाश. आधी बारीकसारीक खटकायला लागतं म्हणे. चालणं, खाणं. मग आवाज नकोसा होतो. मग एक दिवस समोरचं माणूस परकं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "पेशंटला म्हणावं, देवाचं नाव घ्या आणि बायकोशी बोला. बोलून कुणी मेलेलं नाही."

पण मी बोललो नाही. काय बोलणार? तू मला वश केलंस का असं विचारायचं, आणि ती हो म्हणाली तर? नाही म्हणाली तर मग केस कुणी घातले? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझ्या मनाला दुसरा उद्योगच उरला नव्हता. शिवाय सिस्टरनी लक्षणं सांगून ठेवली होती, आणि लक्षणं एकदा कळली की ती होतातच. त्याच संध्याकाळी मला दिसलं की ती बरणीचं झाकण कधीच नीट लावत नाही, नुसतं टेकवून ठेवते. प्रत्येक वाक्याआधी "म्हणजे कसं आहे" म्हणते. गाडीचा वास तिच्या केसांना येतो, तापलेल्या सीटचा. वर्तमानपत्र वाचताना ती ओठ हलवते. हे सगळं मला ठाऊक नव्हतं का? रोजचं होतं. पण रोज ते तिचं होतं, आता ते नुसतं होतं, टेबलावर मांडून ठेवल्यासारखं, आणि मी त्याभोवती फिरत होतो. मी उठून बरणीचं झाकण घट्ट लावलं. ती म्हणाली, "अरे, मला सकाळी उघडत नाही मग," आणि मला तो आवाज, तिचा आवाज, जरा उंच वाटला. कामामुळे माझे कान आवाजांना फार सरावलेले आहेत. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

आठवड्याच्या शेवटी कामावर असताना फोन वाजला, पडद्यावर तिचं नाव आलं, आणि काहीही हललं नाही. मी नावाकडे पाहत राहिलो. वाजून वाजून फोन बंद झाला. आतमध्ये शांतता होती, तपासणीच्या खोलीत असते तशी, आणि बोट वर गेलं नाही. ती नंतर म्हणाली की येताना पाव आणशील का एवढंच विचारायचं होतं. पण मी त्या खुर्चीवर बसून होतो आणि मला इतकी भीती वाटली की तेवढी वडील गेले तेव्हाही वाटली नव्हती. वडील गेले तेव्हा मी होतो. आता काय उरणार होतं? सकाळी उठायचं, एका चांगल्या बाईशी नीट वागायचं, आधी तुम्ही आंघोळ करून घ्या. खांबापाशी जायचं आणि तिथे नुसता खांब. आठवडाभर मी माझं प्रेम खरं की केलेलं याचा कीस पाडत होतो, आणि त्या खुर्चीवर मला कळलं की मला त्याची पर्वा नाही. केलेलं असू दे. बांधून ठेवलेलं असू दे. कुणी मुळी उगाळून पाजली असेल तर असू दे, मला सुटायचं नाही. मला ती हवी होती. कशी का असेना, हवी होती.

म्हणून पुढच्या सुटीला, ती गेल्यावर, मी लाल दोरा घेऊन बसलो. केस तसेच ठेवले, मुळी ठेवली, कापड दुमडलं. किती गाठी होत्या ते सोडताना मोजलं नव्हतं. आणि गाठ मारताना काहीतरी म्हणतात ना, ते मला येत नव्हतं. शिकलेला माणूस, यंत्रावर काम करणारा, पलंगावर मांडी घालून तोंडातल्या तोंडात काय म्हणावं याचा विचार करत होतो. मग मला जे येत होतं तेच म्हणालो. एक गाठ, ती झाकण नीट लावत नाही. एक गाठ, ती वाचताना ओठ हलवते. एक गाठ, तापलेल्या सीटचा वास. ज्या दवाखान्यात शेवटचं नाही म्हणाले, तिथून बाहेर आल्यावर ती म्हणाली होती, "चल, आइस्क्रीम खाऊ," आणि खाताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, त्याचीही एक गाठ मारली. दोरा संपेपर्यंत मारत गेलो. डोळे भरून आले होते, पण हात थांबले नाहीत. मग पुरचुंडी कापसात खोल ढकलली आणि उशी शिवायला घेतली. टाके असे पडत होते की पाहणाऱ्याला वाटावं, उशीचं ऑपरेशन फसलंय.

दार वाजलं नाही, कुलूप उघडलं. तिच्या विद्यार्थ्याने पहिल्याच वळणावर रडायला सुरुवात केली होती, म्हणून तिने त्याला घरी सोडून दिलं होतं. ती खोलीच्या दारात उभी राहिली. मी बनियनवर, हातात सुई, मांडीवर उशी, पायावर कापूस.

"हे काय चाललंय?"

"मान," मी म्हणालो. "कापूस कमी करत होतो."

तिने उशीकडे पाहिलं, दोऱ्याच्या रिळाकडे पाहिलं. जवळ आली, उशीचा कोपरा उलटा करून तिथली जुनी शिवण बोटाने चाचपली. मग पलंगाच्या कडेला बसली.

"सापडली का तुला?"

मी मान हलवली. आठवडाभर घशात बसलेलं सगळं एकदम आलं. "तू माझ्यावर केलं होतंस ना? सांग. मी चिडणार नाही. मला फक्त..."

"तुझ्यावर?" ती म्हणाली. "तुझ्यावर कशाला करू? तू तर होच म्हणाला होतास." तिने माझ्या पायावरचा कापूस उचलून बोटात धरला. "ती माझ्यावर होती."

मला कळलं नाही, हे तिला दिसलं असावं.

"म्हणजे कसं आहे, लग्न ठरलं तेव्हा तू मला आवडला नव्हतास. वाईट नव्हतास रे. पण काही वाटलंच नाही. नंतरही नाही वाटलं. तू आधी मला आंघोळीला पाठवायचास, तेव्हा मला रडू यायचं, इतका चांगला आहे आणि मला काही होत नाही. मावशीला सांगितलं. ती मला एका बाईकडे घेऊन गेली. ती बाई म्हणाली, नवऱ्याला बांधायला सगळ्या येतात, स्वतःला बांधून घ्यायला आलेली तू पहिलीच. तुझ्या कंगव्यातले केस नेले होते मी. आणि माझ्या उशीत शिवून टाकली."

"मग?" माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला. "झालं?"

"झालं की. कधी ते नाही आठवत. एक दिवस तुला उशीर झाला आणि मी गॅलरीतून आत येईना. तेव्हा 'अहो' सुटलं माझं." ती जराशी हसली. "मला वाटलं, बाईच्या हाताला गुण आहे."

मग कलिंगडाची संध्याकाळ माझीच होती. कुणी केलेली नव्हती. आठवडाभर ज्यासाठी झुरलो ते इतक्या सहज हातात पडलं, आणि मी आनंदाने तोंड उघडणार तेवढ्यात माझं लक्ष मांडीवर गेलं. "पण ही उशी माझी आहे," मी म्हणालो.

"माझी होती. तुझी मान धरायला लागली तेव्हा तुला दिली नाही का? तुझ्या उशीहून मऊ होती म्हणून. आत काय आहे ते मी पार विसरून गेले होते."

मान धरायला लागून दोनेक वर्षं झाली होती. दोन वर्षं ती तिच्या डोक्याखाली नव्हती. आणि मग मला आठवायला लागलं, न बोलावता. संध्याकाळच्या जादा शिकवण्या तिने केव्हा घेतल्या. उशीर होईल असं सांगायला मी फोन करतो तेव्हा ती "बरं" म्हणते, नुसतं "बरं", हे केव्हापासून. गॅलरीत खुर्ची होती ती तिने आत आणून कपडे ठेवायला घेतली. मी आठवडाभर चुकीच्या माणसाला तपासत होतो.

"मी सोडली होती ती," मी म्हणालो. "गेल्या सुटीला. सगळ्या गाठी सोडल्या. मग आज परत बांधली."

"का?"

"मला वाटलं माझ्यावर आहे. मला सुटायचं नव्हतं."

बोटातला कापूस तिने पिंजून पिंजून पातळ केला होता, तो तसाच राहिला. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मी विचारायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं, पण विचारल्याशिवाय त्या खोलीत श्वास घेता येत नव्हता.

"आणि आता?" मी म्हणालो. "आता आहे का?"

"असं कधी बघितलंच नाही मी," ती म्हणाली. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, डोक्यापासून, सावकाश, आरसे पाहून रस्त्याचा अंदाज घेतात तसं. "हलू नकोस. थांब जरा, बघू दे."

मी सुई खाली ठेवली, उठून उभा राहिलो आणि पोट आत घेतलं.